वास आला नाही म्हणजे क्रीम चांगलं, असं नसतं

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पानावरचं प्रश्नोत्तर वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. ‘रंग-वास बदलला नसेल तर जुनं क्रीम खुशाल वापरा’, एवढ्या एका ओळीत आपल्या तज्ज्ञांनी विषय मिटवला. रंग-वास अगदी जागेवर असलेल्या क्रीमनंतरच माझ्या आईच्या पायांची काय दशा झाली, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

थंडीत आईचे पाय फार उलतात. तिच्याकडे रुंद तोंडाची क्रीमची डबी होती, मीच आणून दिलेली. लेकीने दिलेली म्हणून ती जपून, नखभर घ्यायची. अशी पुरवून पुरवून चार वर्षं गेली. तळाशी उरलेलं क्रीम घट्ट झालं, बोटाला येईना, तेव्हा मीच त्यात नळाचं थोडं पाणी घालून ढवळून दिलं. टाकवत नव्हतं. क्रीम पुन्हा पांढरंशुभ्र आणि मऊ झालं, वासही पहिल्यासारखाच. आठवडाभरात आईच्या दोन्ही नडग्यांवर पुळ्या उठल्या. एकेका केसाच्या मुळाशी एकेक, टोकाला पू. पांघरुणाचा स्पर्श झाला तरी ती कळवळायची.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘‘पायांना काय लावता?’’ डबी मागवून घेतली. झाकण उलटं करून उजेडात धरलं, तर आट्यांमध्ये पिवळट थर साचलेला. इतकी वर्षं रोज ते झाकण फिरवत होतो, कुणी आत पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘‘तपासणी केल्याशिवाय यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण हे आधी फेका.’’

मग त्यांनी समजावलं, ते आपल्या पानावर यायला हवं होतं. क्रीम आणि लोशन म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेलं मिश्रण. पाणी आलं की जंतूंना आणि बुरशीला वाढायला जागा मिळते, म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. पण ते काही जन्मभर पुरत नाही. दर वेळी बोट बुडवलं की नवे जंतू आत जातात, आणि मी तर पाणी घालून प्रिझर्व्हेटिव्हच पातळ केलं, वर जंतूंची भर घातली ती वेगळीच. खवट वास येतो तो हवेने तेल बिघडतं तेव्हा. जंतू वाढणं ही निराळी गोष्ट. ते भरपूर झाले तरी नाकाला आणि डोळ्यांना पत्ता लागेलच असं नाही. आपल्या तज्ज्ञांनी या दोन गोष्टी एकच धरल्या. धडधाकट कातडीला कदाचित काही होणार नाही, पण उललेल्या पायांना, तान्ह्या बाळाला, डोळ्यांच्या कडांना?

सनस्क्रीनचं काय? ते जुनं झालं की उन्हापासून राखण कमी होऊ शकते, आणि वास तसाच असतो. माणूस भरवशाने लावतो आणि भाजून घेतो. नुसत्या पेट्रोलियम जेलीत पाणी नसतं, ती पुष्कळ टिकते, हे मान्य. पण तिचा नियम लोशनला लावून कसं चालेल?

कित्येक डब्यांवर उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ‘१२ एम’ असा आकडा. म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. छापलेली एक्स्पायरी असते ती सहसा न उघडलेल्या डबीची, हेही फार जणांना ठाऊक नसतं. आपल्या उत्तरात या चित्राचा उल्लेखसुद्धा नाही. आणि कंपन्यांनाही विचारावंसं वाटतं: हे चित्र तिळाएवढं का? आईच्या डबीवर ते होतं, मला भिंग घेऊन शोधावं लागलं. काही ठिकाणी तर तारीख फक्त बाहेरच्या खोक्यावर असते. खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं.

त्याच पानावर हसऱ्या मुलीचं अर्धं पान व्यापणारं छायाचित्र होतं आणि खाली उत्तर चार ओळींचं. जागा कमी होती असं कृपया सांगू नका.

आईच्या पुळ्या औषधाने गेल्या, काळे डाग अजून आहेत. आता आम्ही पंपाची बाटली आणतो आणि उघडली त्या दिवसाची तारीख तिच्या बुडावर पेनाने लिहितो. आपल्याला एवढीच विनंती की या उत्तराची दुरुस्ती छापावी, त्याच पानावर आणि वाचता येईल अशा अक्षरात. आईसारख्या कितीतरी बायकांनी कालचं उत्तर वाचून कपाटातली जुनी डबी परत बाहेर काढली असेल.

आपली,
एक नियमित वाचक