जामीन मंजूर, तरी कैदी आतच

संपादक महोदय,

देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसांना शिक्षा झालेलीच नाही. खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे हे कच्चे कैदी असून, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार त्यांतला साधारण दर चौथा निरक्षर आहे. अक्षरशत्रू माणसेच गुन्हे करतात, असा सोयीचा अर्थ यावरून काढला जातो. तो मला मान्य नाही. पैसा आणि ओळखपाळख असलेला आरोपी जामिनावर लवकर सुटतो आणि ज्याला ना हमीदार मिळतो, ना तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला आणणारे कोणी असते, तो मागे राहून या आकडेवारीत मोजला जातो.

मोतीराम या गवंड्याला १९७८ मध्ये जामिनासाठी १०,००० रुपयांची हमी मागितली गेली आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याचीही हमी नाकारण्यात आली. शेवटी सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे हमीदाराशिवाय केवळ स्वतःच्या लेखी हमीवर, सोडले. त्यानंतर नियम पुष्कळ सुधारले. जामीन मिळून सात दिवसांत सुटका न झालेल्या कैद्याची माहिती तुरुंग अधीक्षकाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले. त्याच वर्षी गरीब कच्च्या कैद्याच्या हमीसाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची केंद्रीय योजना आली. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास तो सुटकेस पात्र ठरतो.

परंतु आपल्यावर कोणते कलम लागले, अटक कोणत्या तारखेची, जामिनाचा हुकूम झाला की नाही, हे ज्याला वाचता येत नाही, त्याने हा हक्क मागायचा कसा? तो बराकीतल्या शिकलेल्या सोबत्यावर विसंबतो, आणि अशी मदत दरवेळी फुकट मिळतेच असे नाही.

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी राज्यात ‘उल्लास’ कार्यक्रम सुरू आहे. त्याचे स्वयंसेवक कच्च्या कैद्यांच्या बराकीत नियमित जावेत आणि तेथील पहिला धडा कैद्याच्या स्वतःच्या कागदांचा असावा. हे कैदी केव्हाही सुटतात, त्यामुळे अभ्यासक्रम पुरा होणार नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तेथे परीक्षेचा आग्रह नको. अर्थात वाचता आल्याने हमीदार उभा राहत नाही. त्यासाठी न्यायालयांनी गरिबांना जातमुचलक्यावर अधिक सढळपणे सोडायला हवे. दरम्यान, जामिनाचा हुकूम कैद्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याची नोंद प्रत्येक तुरुंगाने ठेवावी आणि सात दिवसांनंतरही आत असलेल्यांची संख्या जिल्हा प्राधिकरणाने दरमहा जाहीर करावी.

— एक निवृत्त प्रौढशिक्षण कार्यकर्ता, सातारा