बसचालकांच्या प्रशिक्षणाला पावसाळ्याचा मुहूर्त

संपादक महोदय,

गेल्या मे महिन्यात आम्ही डिचोलीचे चाळीसजण खासगी बसने नरसोबावाडीहून परतत होतो. चोर्ला घाटाच्या उतारावर चालकाने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली. तिसऱ्या वळणाला ब्रेक जळल्याचा वास आला आणि मागच्या बाकावरच्या बायका देवाचे नाव घेऊ लागल्या. गाडी थांबवून विचारले, तर म्हणाला, "काका, मला कोणी शिकवलंच नाही. क्लीनर होतो, मग स्टेअरिंग हातात आलं." आदल्या रात्री तो जेमतेम तीन तास झोपला होता. मला राग त्याचा नाही, त्याला तसाच धाडणाऱ्यांचा आला.

युरोपीय संघात बसचालकांना दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडेही घातक रसायनांचा टँकर चालवायला तीन दिवसांचे प्रशिक्षण लागते. मग पन्नास माणसे नेणाऱ्याला का नको?

चालकाचे दिवस बुडतील, सहली महागतील, ही बसमालकांची भीती खोटी नाही. पण गोव्यात जून ते सप्टेंबर बऱ्याच पर्यटक बसगाड्या उभ्याच असतात. वर्ग तेव्हाच घ्यावेत, त्या दिवसांची मजुरी मालकाने द्यावी. आणि उतारावर कोणता गिअर टाकायचा हे फळ्यावर नको, घाटात प्रत्यक्ष गाडीवर शिकवा. व्यावसायिक परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी होतेच, त्यालाच हे जोडता येईल.

— एक वाचक, डिचोली