आधी आवाज ऐका, मग सांगा

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. हा विषय मी फोनवर दोनदा काढला. दोन्ही वेळा आईने "आता हे काय नवीन" म्हणत फोन बाबांकडे दिला, बाबा म्हणाले "रविवारी निवांत बोलू", आणि रविवारी तुमच्या नातीने फोन हातातून सोडला नाही. म्हणून लिहायलाच बसले. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, आणि बाबा, तुम्हाला पेन्सिलीने खुणाही करता येतात.

मी दुसरी गाडी घेते आहे. मोटरसायकल, सेकंडहँड. गरज म्हणून नाही. स्टेशनला, भाजीला, क्लासला सोडायला ॲक्टिव्हा आहे आणि ती राहणारच. ही दुसरी फक्त चालवण्याच्या आनंदासाठी. हे वाक्य लिहिताना मी थांबले होते, कारण आपल्या घरात नुसत्या आनंदासाठी काही विकत आणलेलं मला आठवत नाही. मिक्सर आला तो जुना जळल्यावर, कपाट आलं ते ताईचं लग्न ठरल्यावर. आरएक्स १०० ही मोटरसायकलसुद्धा बाबांनी एसटी डेपोत कामाला जायला घेतली. पण बाबा, सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की मला टाकीवर बसवून तुम्ही कुंभार्ली घाटात जायचात, ते काही एसटीच्या कामाला नव्हे. पोफळी मागे पडली की तुम्ही एक गिअर खाली टाकायचात. वळणाला गाडी कलायची, माझा गुडघा तुमच्या कोपराला टेकायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "अंग चोरू नको, गाडीबरोबर जा." वर पोचल्यावर तुम्ही काहीच बोलत नसा, नुसते हसायचात. ते हसू मी नंतर फार कमी वेळा बघितलं. सदतिसाव्या वर्षी मला तेच पुन्हा हवं आहे, आणि ते तुमच्यापासून लपवून नको आहे.

कुठली घ्यायची यात तीन महिने गेले. आधी मन मोठ्या गाडीवर होतं. केटीएमची ३९० ड्यूक, जुनी, आपल्या चाकणलाच बनलेली, ३७३ सीसीचं एकच सिलिंडर आणि जवळजवळ ४३ हॉर्सपॉवर. ऑफिसमधल्या एकाची चालवून बघितली. पिकअप असा की पोटात खड्डा पडतो. पण एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, इंजिनाचा पंखा सुरू झाला, आणि गरम हवा पोटरीवर येत राहिली. कावासाकीची निंजा ३०० दोन सिलिंडरची, फार गोड चालते, पण चांगल्या अवस्थेतली माझ्या बजेटच्या दुप्पट जाते.

शेवटी मी रस्त्याचा विचार केला. सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुणे एक्सप्रेसवेवर तर कधीच परवानगी नव्हती. मग उरतं काय? रविवारी पहाटे ऐरोलीचा पूल ओलांडून पनवेल, तिथून जुन्या पुणे रस्त्याने खोपोली, आणि वेळ असला तर वर घाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत. त्या वळणांवर ताकदवान गाडीपेक्षा हलकी आणि सांगू तशी वळणारी गाडी उपयोगाची. जी ताकद मी कधी वापरणारच नाही तिचे पैसे का मोजायचे? आणि खरं म्हणजे ती ताकद हाताशी असली की माणूस एखाद दिवशी वापरतोच. मला स्वतःला तो मोह द्यायचा नाही.

म्हणून यामाहाची आर१५. ही गाडी आपल्याकडे २००८ साली आली. मी बघितली ती तिसरी आवृत्ती, २०१९ चं मॉडेल. १५५ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, १९ हॉर्सपॉवर. तुमची आरएक्स ९८ सीसीत ११ देते. तुम्ही म्हणाल, जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाची मजा वेगळी. आहेच. पण हिच्यात एक गोष्ट आहे ती तुम्हाला आवडेल. इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप, उघडायला हिच्यात दोन तऱ्हेचे कॅम, म्हणजे झडप ढकलणारे उंचवटे, आहेत. खालच्या आरपीएमला एक कॅम काम करतो, आणि ७,४०० ला दुसरा, व्हॉल्व्ह जास्त उचलणारा, त्याची जागा घेतो. मीटरवर तेव्हा 'व्हीव्हीए' अशी बारीक अक्षरं उमटतात, पण बघावी लागत नाहीत, कानाला आधीच कळतं. आरएक्स अर्ध्या रेसनंतर कशी एकदम जागी व्हायची, तसं.

दोन गाड्या मी नाकारल्या. पहिली अंधेरीला, आरशासारखी चकचकीत. तुम्ही सांगितलेलं लक्षात होतं की चकाकी सोडून आधी मान, म्हणजे हँडल फ्रेमला जिथे जोडलेलं असतं ती जागा, बघायची. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं आणि टॉर्च मारला. हँडल जिथे अडतं त्या स्टॉपरचा रंग उडालेला, लोखंड चेपलेलं. साध्या पडण्याने स्टॉपर चेपत नाही, हँडल जोरात फिरून आपटावं लागतं. उजव्या बाजूचं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक, डाव्यापेक्षा किंचित निळसर, म्हणजे नंतर बसवलेलं. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकॉब्सरच्या, नळीवर रुमाल फिरवला तर त्याला तेलाची कड लागली. अशा गाड्यांचं हेच आहे, प्लास्टिकच्या आत काय आहे ते प्लास्टिक सांगत नाही. निघाले.

दुसरी कुर्ल्याला. कागद स्वच्छ, किंमत कमी, एका सेल्फमध्ये चालू. मला सीट काढायची आहे म्हटल्यावर मालक कुरकुरला. बॅटरीच्या कप्प्यात, वायरिंगच्या कनेक्टरखाली करड्या मातीची बारीक रेघ होती. तो म्हणाला धूळ आहे. धूळ अशी सरळ रेघेत बसत नाही हे चिपळूणच्या माणसाला कोणी सांगायला नको. २२ जुलै २०२१ नंतर आपल्या माजघराच्या भिंतीवर हीच रेघ राहिली, आई अजून तिला 'वाशिष्ठीची पट्टी' म्हणते. मी तिथे उकिडवी बसले होते आणि डोळ्यांपुढे आपली ओटी आली. बाबांनी वर्तमानपत्रावर आरएक्सचा कार्बोरेटर सुटा करून मांडलेला, टाकी उपडी घातलेली, आई घरातला गाळ घमेल्याने काढून बाहेर टाकते आहे आणि मधेच येऊन जेटमधून फुंकर मारून देते आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी ती गाडी चालू झाली होती. पण तिच्यात होतं काय, एक कार्बोरेटर, एक कॉइल, एक प्लग. आर१५ मध्ये फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, आणि ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. पाण्यात राहिलेल्या कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडतात, आणि मग गाडी आज चालते, उद्या रस्त्याच्या मधोमध बंद पडते. मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने सीट काढून बघावी असं मला फार वाटतं. इथे पावसाळ्यात किती पार्किंग पाण्याखाली जातात!

तिसरी भांडुपला मिळाली. एकच मालक, एमएच ०३, एकवीस हजार किलोमीटर. मुलगा नोकरीसाठी बाहेर चाललाय म्हणून विकतोय. मी येईपर्यंत गाडी चालू करू नकोस, असं त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सकाळी गेले आणि तुमच्यासारखा हात उलटा करून इंजिनाला लावला. थंडगार. डाव्या आरशावर आणि हँडलच्या टोकाला खरचटलं होतं, पण ते त्याने मी विचारायच्या आधीच दाखवलं. सोसायटीत स्टँडवरून कलंडली म्हणाला. मान तपासली, स्टॉपर स्वच्छ. फोर्क कोरडे. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटांनी मागे ओढून बघितली, अर्धा दात दिसतो, म्हणजे चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलायचा. पुढच्या टायरवर ०८१९, म्हणजे २०१९ च्या आठव्या आठवड्यातला. नक्षी अजून शाबूत आहे, पण रबर नखाने दाबलं तर दबत नाही. तोही जाणार. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवले. मग त्याच्याकडे ॲक्टिव्हाची चावी ठेवून ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आले. बाबा, वळणावर फक्त मान वळवली आणि गाडी गेली. मी मोठ्याने ओरडले. हेल्मेट होतं म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

आई, आता तू वाच. तुझ्या मनात मामाचा हातखंब्याचा अपघात आहे, मला माहीत आहे. माझ्याही आहे. म्हणून मी २०१९ चंच मॉडेल धरून बसले. त्या वर्षी या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस आलं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. ओल्या रस्त्यावर माणूस वाचतो तो त्यामुळे. हेल्मेट नवीन, आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं. कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट गाडीच्या आधी घेतले आहेत, बिलं कपाटात आहेत. पावसात ही गाडी निघणार नाही. रात्रीही नाही. नातीला हिच्यावर बसवणार नाही, मागची सीट उंच आणि चिमुकली आहे, ती तिच्यासाठी नाहीच. आणि गणपतीला मी हिच्यावरून गोवा हायवेने येणार नाही, ठाण्याहून रेल्वेनेच येणार. तुझी काळजी मी पुसू शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण जे हातात आहे त्यातलं काही मी सोडलेलं नाही, एवढं धरून ठेव. आणि हो, तुमच्या जावयांना सगळं माहीत आहे. सोसायटीत दुसऱ्या गाडीच्या पार्किंगसाठी अर्ज त्यांनीच लिहिला.

पैशांचं सांगते. भांडुपचा मुलगा पंच्याण्णव म्हणाला, ब्याण्णव हजारांवर ठरतंय. वीस हजार मी वेगळे काढून ठेवलेत, कारण जुनी गाडी घेताना तेवढे हाताशी नसतील तर ती घेऊच नये असं माझं मत झालंय. दोन्ही टायर, चेनचा सेट, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं पहिल्याच महिन्यात करून घेणार. एफडीला हात लावलेला नाही. गाडीवर कर्ज होतं ते फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. तो बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ देईल आणि ते नाव निघाल्याशिवाय मी पूर्ण रक्कम देणार नाही. ई-चलन बाकी होती दोन, ती त्याने माझ्यासमोर भरली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की वडाळा आरटीओत ट्रान्सफर, आणि त्यानंतर चौदा दिवसांच्या आत विमा माझ्या नावावर. त्याचा नो-क्लेम बोनस मला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. हप्ता थोडा वाढेल.

आता एकच गोष्ट राहिली आणि ती माझ्याने सुटत नाही. थंड असताना गाडी चालू केली की वरच्या बाजूने बारीक टिक-टिक येते. मिनिट-दीड मिनिटाने, इंजिन गरम व्हायला लागलं की विरते. इथले गॅरेजवाले काका म्हणतात टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा, आवाज आहे, सेट केले की झालं. त्यांच्या शेजारचा मुलगा म्हणतो कॅम फिरवणारी चेन सैल आहे, ती ताणून धरणारा टेन्शनर बघावा लागेल. दोघेही खात्रीने सांगतात. मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकलं, तुम्ही डेपोत लावायचात तसा, पण मला आवाज आला आणि त्याचा अर्थ लागला नाही. तुम्हाला यार्डाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या एसटीचा टॅपेट ओळखताना मी बघितलं आहे.

मी गाडी विकणाऱ्या मुलाला दोन हजार टोकन दिलंय आणि बाकीचं रविवारनंतर म्हटलंय. का ते त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, बरोबर आहे, ऐकवा."

तेव्हा रविवारी सकाळी सात वाजता मी भांडुपला असेन. चहा घेऊन ओटीवर बसा, रेडिओ बंद ठेवा, आईला फोन स्पीकरवर टाकायला सांगा. मी आधी काही बोलणार नाही. फोन इंजिनाजवळ धरून सेल्फ मारीन, दोन मिनिटं तशीच चालू ठेवीन, मग हळूहळू रेस वाढवीन. पुरेसं नसेल तर "परत" म्हणा, गाडी थंड होईपर्यंत मी तिथेच थांबेन.

तुमची,
धाकटी