खरं सांग म्हणालास म्हणून

सोन्या,

फोनवर मी "छान लिहिलंयस रे" म्हणाले आणि तू लगेच वैतागलास, की आई छान नको, खरं सांग, छान तर सगळेच म्हणतात. तेव्हाच ठरवलं की हे फोनवर नको, फोनवर तू मधे मधे बोलतोस आणि मग मला काय म्हणायचं होतं तेच मी विसरते. तर तुझ्या कॉलेज बास्केटबॉलच्या तिन्ही मॅच रिपोर्टचे प्रिंट काढले, डायनिंग टेबलवर पसरले आणि पेन घेऊन दोनदा वाचले. आता रागावू नकोस, तूच मागितलंयस.

मी काही पत्रकार नाही. पण मिडल स्कूलपासून धरून सहा सीझन तुमच्या टीमचं स्कोअरबुक, म्हणजे पॉइंट आणि फाउलची वही, मी लिहिलंय, तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून, थंडीवाऱ्यात, ऑफिसमधून थेट जिममध्ये. त्यामुळे बास्केटबॉल मला खेळता येत नसला तरी मोजता येतो, आणि मोजणाऱ्या माणसाला लिहिणाऱ्याच्या चुका फार पटकन दिसतात, त्याला इलाज नाही.

आधी बारीकसारीक उरकते. मुलांच्या मॅचमध्ये तू "तिसऱ्या क्वार्टरमध्ये" असं लिहिलंयस. कॉलेजमध्ये मुलांना अजून वीस-वीस मिनिटांचे दोन हाफच असतात, दहा मिनिटांचे चार क्वार्टर मुलींना, तेही 2015-16 पासून. एनबीए बघून बघून हात तसाच वळतो हे मला कळतं, पण ज्याला कॉलेज बास्केटबॉल कळतं त्याने हे वाचलं की तो पुढचं काही खरं धरत नाही. दुसरं, मुलींच्या रिपोर्टमध्ये जाता जाता टाकलंयस की केटलिन क्लार्कने 2024 मध्ये केल्सी प्लमला मागे टाकून "कॉलेजचा रेकॉर्ड" मोडला. अरे तो एनसीएएचा, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या मुख्य संघटनेचा रेकॉर्ड होता, अख्ख्या करिअरमधल्या 3,527 पॉइंटचा. कॅन्ससच्या लिनेट वूडर्डचे 3,649 होते आणि ती 1981 पर्यंत खेळली, तेव्हा मुलींची चॅम्पियनशिप एनसीएए भरवतच नव्हती, एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना भरवायची, म्हणून तिचे पॉइंट एनसीएएच्या यादीत धरलेच नाहीत. तिला क्लार्कने गाठलं त्यानंतर दोन आठवड्यांनी, मग मुलांमधल्या पीट मॅराविचचे 3,667, आणि शेवटी 3,951 वर थांबली. आणि छोट्या कॉलेजात खेळलेल्या पर्ल मूरचे 4,061 तरीही वरच राहिले. म्हणजे बघ, "कॉलेजचा रेकॉर्ड" हे दोन शब्द लिहिलेस आणि दोन बायकांची अख्खी करिअर पुसून टाकलीस. मुद्दाम नाही केलंस, माहितीये मला, पण वाचणाऱ्याला ते कुठे माहीत असतं.

आता मोठं.

तुझा पहिला रिपोर्ट सुरू होतो गर्दीपासून. बँड वाजतोय, स्टुडंट सेक्शन रंगलेलं, वातावरण "इलेक्ट्रिक", एक टीम "भुकेल्या वाघासारखी". स्कोअर मला चौथ्या पॅराग्राफमध्ये सापडला. आणि मग पुढे काय, तर ह्याने थ्री मारला, मग त्याने थ्री मारला, मग टाइमआउट, मग आपण परत आलो, मग ते परत गेले. हे सगळं प्ले-बाय-प्लेमध्ये कोणालाही वाचता येतं रे. तू तिथे बसला होतास ना, मग तू का बसला होतास? हरलो ते का हरलो हे एका वाक्यात सांग असं मी त्या कागदाच्या मार्जिनमध्ये लिहिलं आणि मलाच उत्तर शोधावं लागलं, बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, उघडून. टर्नओव्हर, शॉट न मारताच बॉल घालवणं. तुझ्या रिपोर्टमध्ये तो शब्द एकदाही नाहीये.

तुला आठवतंय का, बास्केटबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या डीन ऑलिव्हरचे ते चार फॅक्टर मीच तुला दाखवले होते, म्हणजे मला ते दुसऱ्या टीमच्या स्कोअररने दाखवले होते आणि मी तुला. शूटिंग, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत हातात घेणं), फ्री थ्रो. मॅच कुठे फिरली हे बहुतेक वेळा ह्या चारातच असतं. आणि शूटिंग म्हणताना नुसता टक्का लिहू नकोस, दहापैकी पाच टू मारले तर टक्का पन्नास आणि पॉइंट दहा, दहापैकी चार थ्री मारले तर टक्का चाळीस आणि पॉइंट बारा, मग चांगलं शूटिंग कोणाचं? तू लिहिलंस की समोरच्या टीमचा टक्का कमी असूनही "नशिबाने" जिंकले. नशीब नव्हतं ते, थ्री होते.

तसंच पेसचं, म्हणजे खेळाच्या वेगाचं. "फक्त चोपन्न पॉइंट, म्हणजे ऑफेन्स ढेपाळला" असं सरळ लिहिता येत नाही, आधी पझेशन किती झाली, म्हणजे बॉल किती वेळा हातात आला, ते बघावं लागतं. शॉट घे, त्यातून ऑफेन्सिव्ह रिबाउंड वजा कर, टर्नओव्हर मिळव आणि फ्री थ्रोच्या निम्म्याहून जरा कमी मिळव, 0.475 ने गुणतात, पाच मिनिटांचं काम आहे. लॉयोला मेरीमाउंट कॉलेजवाले 1989-90 मध्ये मॅचला सरासरी 122.4 पॉइंट करायचे, कारण ते शॉट क्लॉककडे बघतच नव्हते, पळत सुटायचे, आणि समोरच्यालाही शंभराच्या वर करू द्यायचे. तुलना करायची तर दर पझेशनला किती, अशी करायची.

आणि ह्या सगळ्या आकड्यांचा अर्थ आकडे ओतणं नाही हं. एकच आकडा पुरतो, बरोबर जागी ठेवला तर. 2018 ची यूएमबीसी आणि व्हर्जिनियाची मॅच घे, आपण सोफ्यावर बसून बघितली होती, तू झोपायला जायला तयार नव्हतास. पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये सोळाव्या सीडने, म्हणजे यूएमबीसीसारख्या तळाच्या मानांकनाच्या टीमने, व्हर्जिनियासारख्या पहिल्या सीडला कधीच हरवलं नव्हतं, आणि व्हर्जिनिया म्हणजे त्या वर्षी देशात सगळ्यात कमी पॉइंट देणारी टीम. शेवट 74-54, यूएमबीसी जिंकली. मी जर ती लिहिली असती तर "चमत्कार" हा शब्द वापरलाच नसता. हाफटाइमला 21-21 होते, बस. मग दुसऱ्या वीस मिनिटांत यूएमबीसीने 53 केले, त्या टीमसमोर. यूएमबीसी थ्री 24 पैकी 12, व्हर्जिनिया 22 पैकी 4. एवढं वाचलं की माणूस आपोआप म्हणतो, काय सांगताय! तो त्याला म्हणू दे, तू म्हणू नकोस.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. तुझ्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये "आपण" हा शब्द सात वेळा आहे, मी मोजले. रेफरीने मॅच घालवली असं लिहिलंयस. आणि त्या मुलाने शेवटच्या नऊ सेकंदांत दोन फ्री थ्रो घालवले तर तू लिहिलंस "चोक झाला". सोन्या, प्रेस टेबलवर टाळ्या वाजवत नाहीत हा साधा नियम तुला माहितीये आणि तू वाजवल्याही नसशील, पण तुझ्या वाक्यांनी वाजवल्या. तू मॅच बघतच नव्हतास, तू तुझ्या कॉलेजला बघत होतास.

हे मला कसं कळलं ते सांगते, आणि हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही.

तू हायस्कूलमध्ये ज्युनियर इयरला होतास, घरची मॅच होती, तिसरा क्वार्टर. तू बेसलाइनजवळ पडलास, गुडघा धरून. शिट्टी वाजली. रेफरी टेबलकडे आला आणि त्याने हातांनी नंबर दाखवला, तसाच दाखवतात ना, म्हणून तर शाळेत जर्सीवर पाचाच्या वरचा अंक नसतो. एका हाताची दोन बोटं, एका हाताची चार. मी त्याच्या हातांकडे अर्धवट बघितलं कारण माझं सगळं लक्ष तू उठतोयस की नाही ह्यात. फाउल होता पाहुण्या टीमच्या 42 चा. मी लिहिला 24 ला.

चौथ्या क्वार्टरमध्ये 24 ने अजून एक फाउल केला आणि माझ्या वहीत त्याचे पाच झाले, म्हणजे तो मॅचबाहेर. मी बझर वाजवला. शेजारी पाहुण्या टीमच्या वहीत त्याचे चारच होते, ती बाई म्हणाली, अहो चार आहेत, आणि रेफरीने मला विचारलं, आर यू शुअर? घरच्या टीमची वही ऑफिशियल असते. मी म्हणाले, हो. नुसतं हो नाही, जरा ठसक्यातच म्हणाले. तो मुलगा काही बोलला नाही, बेंचवर गेला आणि टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. तुम्ही तीन पॉइंटनी जिंकलात.

रात्री एका पालकाने काढलेला व्हिडिओ बघत होते, तुझा गुडघा कसा वळला ते बघायला, आणि रेफरीचे हात दिसले. परत परत बघितलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कोचला सांगितलं, त्यांनी समोरच्या कोचला फोन केला, पण झालेली मॅच काही परत होत नाही. त्यानंतर वही लिहिताना तू कितीही वेळा पडलास तरी मी आधी रेफरीचे हात बघितले. तुला एकदा राग आला होता, आई तू बघितलंसुद्धा नाहीस म्हणून. बघितलं होतं रे, एका सेकंदाने उशिरा.

म्हणून "रेफरीने घालवली" वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. तो कॉल चुकला असेल, तर लिही ना, किती वेळ शिल्लक होता, कुठे झाला, रिप्लेमध्ये काय दिसलं, त्यानंतर किती पझेशन तुमच्या हातात होती. पाच होती. मी मोजली.

आणि "चोक" परत लिहू नकोस. 1993 ची फायनल बघ कधीतरी, मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायना. मिशिगन 73-71 ने मागे, अकरा सेकंद शिल्लक, ख्रिस वेबर बॉल घेऊन स्वतःच्याच बेंचसमोरच्या कोपऱ्यात सापडला, दोघं अंगावर आले, आणि त्याने टाइमआउट मागितला. टाइमआउट शिल्लकच नव्हता. टेक्निकल फाउल, समोरच्यांना फ्री थ्रो आणि बॉल, 77-71, संपलं. पोरगा वीस वर्षांचा होता आणि त्याच मॅचमध्ये त्याचे 23 पॉइंट आणि 11 रिबाउंड होते. हे एवढंच लिहिलं तरी वाचणाऱ्याचा श्वास अडकतो, त्यात विशेषण कुठे घालशील? मुलांना आता एनआयएलचे, म्हणजे स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे मिळतात, ट्रान्सफर पोर्टलमधून ह्या कॉलेजातून त्या कॉलेजात जातात, म्हणून त्यांच्यावर कडक लिहावं असं तू म्हणालास, ते मला पटतं थोडंसं. कडक लिही. फ्री थ्रो शॉर्ट होता का, पाय दमले होते का, अडतीस मिनिटं खेळला होता का (खेळला होता, बॉक्स स्कोअरमध्ये आहे), ते लिही. "चोक" म्हणजे तू बघितलंच नाहीस असं मी धरते.

बरं आता गोड. तिसऱ्या रिपोर्टमध्ये एक वाक्य आहे, की जखमी असलेला तुमचा तो गार्ड सूट घालून बेंचच्या टोकाला बसला होता आणि टीममधला कोणीही फ्री थ्रो मारताना त्याचा स्वतःचा हात मनगटातून खाली वळत होता. हे मी वाचलं आणि पेन खाली ठेवलं. हे टीव्हीवर नव्हतं, बॉक्स स्कोअरमध्ये नव्हतं, हे तूच बघितलंस. आणि ते टाकलंस कुठे, तर अकराव्या पॅराग्राफमध्ये, कोचच्या "आम्हाला जास्त फिजिकल व्हावं लागेल" ह्याच्या खाली! तो कोटेशनचा दगड काढून टाक. दर कोच दर मॅचनंतर हेच म्हणतो. प्रेस कॉन्फरन्समध्ये "कसं वाटतंय" विचारलंस तर असंच मिळणार, त्यापेक्षा एखादं पझेशन धरून विचार, अकरा मिनिटं असताना झोन डिफेन्स का लावला आणि दोनच पझेशननंतर का काढला. चिडतील कदाचित, पण खरं काहीतरी बोलतील.

पुढची मॅच लिहिलीस की एडिटरला द्यायच्या आधी मला पाठव, रात्री उशिरा झाली तरी चालेल, मी जागी असते. आणि ह्या पत्रासोबत त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवतेय, गॅरेजमधल्या खोक्यात होती. पाहुण्या टीमची बाजू, 24 ची ओळ. चौथा फाउल मी नंतर पेन्सिलीने खोडून 42 च्या ओळीत नेलाय, बघ.

आई

ता.क. बाबा म्हणतात फार कडक लिहिलंस तू, पोराला तिन्ही रिपोर्ट उत्तम जमलेत. त्यांनी पहिलाच वाचलाय, तोही अर्धा.