पोथी शके 1775 ची, पाटी इसवी 1775 ची

संपादक महोदय,

छापखान्यात 41 वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, त्यामुळे कुठे जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की पाय आपोआप तिकडे वळतात. गेल्या महिन्यात जवळच्या एका गावातल्या वाचनालयाने दुर्मिळ ग्रंथ मांडले होते. नातीला घेऊन गेलो. काचेच्या पेटीत शिवलीलामृताची पोथी शेवटच्या पानावर उघडून ठेवलेली आणि खाली पाटी : ‘इ. स. 1775 मधील छापील पोथी’.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पानावर स्वच्छ होतं, ‘शके 1775 प्रमादीनाम संवत्सरे’. शकात 78 मिळवले की 1853 येतात, हे पंचांग चाळणाऱ्या कुणालाही ठाऊक. संवत्सर प्रमादी, पाटी लिहिणाऱ्याने ते नाव सार्थ केलं म्हणायचं! आमच्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली ती 1805 साली. त्याच वर्षी तिकडे बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून निघालं. त्याच्याही 30 वर्षं आधी ही पोथी छापणारा बहाद्दर कोण?

शिवाय ती खिळ्यांवर छापलेली नव्हतीच, शिळाप्रेसची होती. खिळ्याचा कोपरा तुटका असला तर तेच तुटकं अक्षर पुढे पुन्हा भेटतं, आणि पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं की दाब लागतो. इथे काचेमुळे बोट लावता आलं नाही, पण एका ओळीतले चार ‘श’ चार तऱ्हांचे होते. लेखनिकाच्या हातचं अक्षर दगडावरून उतरलेलं. इतकी सुबक वळणं की मी तिथून हलेना, नात कंटाळली.

छापील सूची मागितली तर स्मरणिका हातात आली. गुळगुळीत आर्ट पेपर, 48 पानं. शुभेच्छासंदेश, पदाधिकाऱ्यांचे फोटो, सराफांच्या नि मंगल कार्यालयांच्या जाहिराती. पुस्तकांच्या वाट्याला पावणेदोन पानं. “बाकी सगळं क्यूआर कोडवर आहे, आजोबा.” नातीने फोन धरला. काही उघडलं नाही.

प्रदर्शन चार दिवसांत उठतं, पुस्तकं पुन्हा कुलपात जातात. नंतर सोलापूरच्या किंवा पणजीच्या अभ्यासकाला ती पोथी इथे आहे हे कळायचं कसं? शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची 1943 साली छापली, तेव्हा ना संगणक होता ना झेरॉक्स. 1867 च्या कायद्याने पुस्तकांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधीची, जाणकार ज्यांना दोलामुद्रितं म्हणतात ती, कपाटं धुंडाळूनच सापडतात. आणि छापील पुस्तकंही कशी नाहीशी होतात ते गोव्यात दिसतं : फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण राशोलला 1616 साली रोमी लिपीत छापलं, त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ठाऊक नाही.

म्हणून वाचनालयांना विनंती, स्मरणिका काढा हवी तर, पण साध्या कागदावर एका रंगात सूचीही छापा. मुखपृष्ठावर जसं आहे तसंच नाव, छापखाना नि गाव, शक आणि सन दोन्ही, पानं किती, त्यांतली गहाळ किती, लांबी-रुंदी, खिळा की शिळा, दाखल क्रमांक. आधीच्या मालकाचा शिक्का किंवा सही असेल तर तीही; पोथी कुणाच्या घरातून आली ते त्यातच दडलेलं असतं. फोटो दोन-चार पुरेत, आणि ते पुस्तकांचे.

पाटी बदलण्यासाठी चिठ्ठी देऊन आलो होतो. शेवटच्या दिवशी पुन्हा गेलो, पाटी तीच. सूची काढायचं कुणी मनावर घेतलं तर मुद्रितं तपासायला मी फुकट येईन. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, बारीक टाइपही दिसतो.

— एक निवृत्त जुळारी, मिरज