बेड्यांचा प्रवेश

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, बाकी सर्व ठीक. एक पेच पडला आहे आणि तो तुझ्याखेरीज कोणाला समजेल असे मला वाटत नाही.

यंदा स्नेहसंमेलनात नववीची मुले रहस्यनाट्य करीत आहेत. १९८५ च्या पावसाळ्यात पन्हाळ्यावरच्या एका बंगल्यात वीज जाते आणि परत येते तेव्हा इनामदार मरून पडलेले असतात. खुनी दिवाणजी. आमच्या सभागृहात शेवटच्या रांगेतून तुटलेले बटण किंवा रुमाल दिसणे शक्य नाही, म्हणून पुरावा मी प्रेक्षकांच्या कानावर घातला आहे: अंधारातच दिवाणजी म्हणतात, "आतले घड्याळसुद्धा नऊ दहाला बंद पडले," आणि आतल्या खोलीत तर त्या संध्याकाळी कोणीच गेलेले नसते. हे वाक्य जोर देऊन म्हटले तर रहस्य तिथेच फुटते. पुटपुटले तर शेवटी लोकांना आपण फसवले गेलो असे वाटते. ते जेवढ्यास तेवढे म्हणणारा मुलगा वर्गात एकच आहे. त्याचे वडील कळंब्याच्या तुरुंगात आहेत, खटला अजून उभा राहायचा आहे.

परवा त्याची आई शाळेत आली. मुलाला खुनी केल्याबद्दल ती बोलेल अशी माझी तयारी होती. तिने एवढेच विचारले, "शेवटी बेड्या घालायलाच पाहिजेत काय, बाई?"

शिक्षकांच्या खोलीत त्याला इन्स्पेक्टर करण्याची सूचना आली. ती दयेपोटी आली हे मी जाणते, तरी मला ती मान्य नाही. ज्याने काम कमावले, त्याच्याकडून ते वडिलांवरच्या आरोपासाठी काढून घेणे हा सरळ अन्याय आहे. अण्णांच्या त्या वर्षी तुझ्याबाबतीतही हेच चालले होते. केशवराव भोसले नाट्यगृहात तू प्रेत होऊन पडली होतीस आणि पहिल्या रांगेतली कुजबुज डोळे मिटून ऐकत होतीस. (माझा पाय तुझ्या वेणीवर मुद्दाम पडला नव्हता, हे आता तरी मान, प्रेताने "आई गं" म्हटल्यावर कुजबुज थांबली, हेही खरे.) ८ ऑगस्ट २०२४ ला नाट्यगृह जळाले, तेव्हा खासबागेजवळ उभी असताना मला ती पहिली रांगच आठवत राहिली.

बेड्या काढायला माझी ना नव्हती. रहस्यनाट्यात नाव उघड झाले की प्रेक्षक चपला शोधू लागतात, त्यामुळे पडदा लवकर पडला तर बरेच. पण मुलाला हळूच विचारले, तर तो म्हणाला, "संहिता सगळ्या वर्गानं वाचलीय, बाई. आता काढल्या तर माझ्यामुळंच काढल्या म्हणतील." त्यावर मला काहीही बोलता आले नाही.

मग एका पालकांनी, ते वकील आहेत, एक वाट दाखवली. आरोपीला सरसकट बेड्या घालू नयेत, पळून जाण्याचा खरा धोका असेल तरच घालाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच बजावले होते. २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात खुनाच्या गुन्ह्यात बेड्यांना मुभा आहे. पण आमचे नाटक १९८५ चे, आणि दिवाणजी तर स्वतःहून हात पुढे करतात. तेव्हा इन्स्पेक्टरने "त्याची गरज नाही" म्हणून ते हात खाली करवणे कायद्याला धरून होईल, आणि प्रवेश म्हणूनही मला ते अधिक चांगले वाटते. निकालाची माहिती सगळ्या वर्गासमोर द्यायची, म्हणजे बदल त्याच्या एकट्याच्या नावावर जाणार नाही.

तुझी बदली सांगलीलाच झाली हे फार बरे झाले. चिन्मयला दहावीसाठी आशीर्वाद.

गुरुवारी तालीम आहे, त्याआधी फोन कर आणि मला खरे सांग: त्या वर्षी कोणी तुझ्यासाठी असे चोख कारण शोधून आणले असते, तर ते तुझ्यासाठीच शोधले आहे, हे तुला ओळखता आले असते का? आणि आले असते, तर चालले असते का?

तुझी,
वैजू