न्यूरोफीडबॅक : 'सिद्ध' म्हणजे कशाशी तुलना करून?

मा. संपादक,
स. न.

परीक्षा जवळ आल्या की कोथरूड-कर्वेनगर भागात एकाग्रता वाढवून देणाऱ्यांची पत्रके घरोघरी येतात. यंदा त्यांत न्यूरोफीडबॅकची भर पडली आहे. मुलाच्या डोक्यावर तारांची टोपी, टाळूला गार जेल, समोर पडद्यावर मोटार. मेंदूच्या लहरी हव्या तशा आल्या की मोटार धावते, नाहीतर रखडते. आमच्याकडे आलेल्या पत्रकात चाळीस सेशनच्या पॅकेजशेजारी 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असे ठळक छापले होते. त्या दोन शब्दांसाठी हा पत्रप्रपंच.

यामागे विज्ञान अजिबात नाही असे नव्हे. १९६०च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना सेकंदाला साधारण १२ ते १५ आवर्तनांच्या लहरी आणायला शिकवले. जमले की खाऊ. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाची चाचणी झाली, तेव्हा या सराव झालेल्या मांजरांना आकडी उशिरा आली. (पत्रकात मांजरे नाहीत, हसरी मुले आहेत.) १९७२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्णावर लहरींच्या सरावाचा हाच प्रयोग झाला, आणि काही वर्षांत गाडी चंचल मुलांपर्यंत पोहोचली.

एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे, यासाठीची कसून केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ७ ते १० वर्षांची १४४ मुले, प्रत्येकी ३८ सेशनपर्यंत. काहींना खरे न्यूरोफीडबॅक मिळाले. उरलेल्यांचा खेळ आधीच रेकॉर्ड केलेल्या लहरींवर चालला. त्यात मुलाच्या स्वतःच्या पापण्यांच्या उघडझापीच्या खुणा मिसळल्या होत्या, म्हणजे लहरी आपल्या नाहीत अशा शंकेला जागा नको. खरे कोणाचे, खोटे कोणाचे, हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना, कोणालाच ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतली मुले सुधारली, आणि सारखीच सुधारली. वर्षभरानंतरही फरक दिसला नाही. पुढे 'जामा सायकायट्री' या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात ३८ चाचण्यांमधले जवळपास अडीच हजार जण एकत्र तपासले गेले. उपचार कोणाला मिळाला हे माहीत नसलेल्यांनी केलेल्या मूल्यमापनात लक्षणांमध्ये म्हणावा तसा फायदा आढळला नाही.

त्यामुळे 'आमच्या मुलात फरक पडला' म्हणणारे पालक खोटे बोलत नाहीत. आठवड्यातून तीनदा कोणी मुलाकडे पूर्ण लक्ष देते, शाबासकी देते, घरचेही कौतुकाने बघू लागतात. शिवाय मूल मोठे होतच असते. पण हे सगळे टोपीच्या खात्यावर जमा करून हजारो रुपये घेणे मला पटत नाही. पैसे एकवेळ गेले तर गेले; 'औषधाविना' हा शब्द वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर ते महागात पडेल.

केंद्रचालकांना पालकांनी एवढेच विचारावे : खोट्या लहरींच्या गटाशी तुलना केलेली चाचणी दाखवता का? आणि आपल्यालाही एक विनंती. आरोग्य पुरवणीत अशा केंद्रांची माहिती लेखासारखी छापून येते. तिच्यावर 'जाहिरात' हा शब्द दिसेल एवढ्या अक्षरांत छापावा.

– एक निवृत्त शिक्षिका, कर्वेनगर, पुणे